शब्द कुणाचे?
(आजच्या श्रेष्ठ गीतकाराच्या शोधात)

गेल्या गणेशोत्सवात आपल्या मंडळाचा गाण्यांचा कार्यक्रम झाला, त्याचे निवेदन माझ्याकडे होते. मध्यंतरात मंडळी चहा-वड्याच्या रांगेत उभी होती. तेवढा वेळ जावा म्हणून मी एक उद्योग केला. प्रत्येकाच्या हाती कागदाचा चिटोरा दिला आणि सांगितले, ‘तुमच्या मते आजचा सर्वश्रेष्ठ मराठी गीतकार कोण, त्याचे नाव लिहा. उत्तरार्धात निकाल!’ पेढ्यांचा रिकामा डबा मतपेटी म्हणून फिरला. मंडळींनीही हौसेने नावे लिहिली.

उत्तरार्धाच्या आधी पडद्यामागे डबा उघडला. पहिल्या चिठ्ठीवर लता मंगेशकर. दुसरीवर अजय-अतुल. तिसरीवर सुधीर फडके. म्हणजे एक गायिका, एक संगीतकार जोडी आणि एक संगीतकार-गायक; गीतकार औषधालाही नाही! ज्यांनी खरोखर गीतकाराचे नाव लिहिले होते, त्यांपैकी बहुतेकांनी गदिमा लिहिले होते. त्यांच्या मागोमाग शांता शेळके, पाडगावकर, सुरेश भट, जगदीश खेबुडकर. प्रश्नातला ‘आजचा’ हा शब्द कुणी मनावर घेतलाच नव्हता. गदिमा गेले १९७७ साली. त्या दिवशी सभागृहात बसलेल्या कितीतरी जणांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. तरुण मुलामुलींच्या चिठ्ठ्यांत संदीप खरे आणि गुरू ठाकूर ही नावे होती, एवढाच दिलासा.

डब्याच्या तळाशी एक चिठ्ठी होती. शिसपेन्सिलीने, मोठ्या अक्षरांत लिहिलेली: ‘वामनदादा कर्डक’. खाली सही नाही, नाव नाही.

मी व्यासपीठावर गेलो आणि सगळी नावे वाचली. लताबाईंच्या नावावर एक विनोद केला, तो चांगला वठला. गदिमांचे नाव आल्यावर टाळ्या पडल्या. ती पेन्सिलीची चिठ्ठी मात्र मी वाचली नाही. खिशात टाकली. का, हे मी घरी येताना गाडीत स्वतःला विचारले तेव्हा उत्तर तयार होते: वामनदादा आज हयात नाहीत, आणि ते शाहीर, रूढ अर्थाने गीतकार नव्हेत. पण हयात तर गदिमाही नाहीत. त्यांचे नाव मी कौतुकाने वाचले होते. तेव्हा हे कारण काही खरे नव्हते.

ती चिठ्ठी अजून माझ्या पाकिटात आहे. हा लेख म्हणजे तिला द्यायचे राहून गेलेले उत्तर आहे. मात्र त्या उत्तरापर्यंत जाण्याआधी मूळ प्रश्नाला नीट सामोरे जायला हवे. आजचा श्रेष्ठ गीतकार कोण? आणि तो ठरवायचा कशावरून?

*

आपल्याकडे गीतकाराला मोजताना एक घोटाळा नेहमी होतो. आपण त्याला कवितेच्या तराजूत घालतो. गाण्याचे शब्द कागदावर उतरवून वाचले आणि ते कवितेसारखे वाटले की म्हणतो, ‘वा! काय काव्य आहे!’ नाही वाटले की ‘गाणे चांगले आहे, शब्द मात्र सामान्य.’ बॉब डिलनला २०१६ साली साहित्याचे नोबेल मिळाले तेव्हाही हाच वाद जगभर झाला. हे साहित्य की गाणे? आपल्या गदिमांना उभ्या आयुष्यात हा प्रश्न चुकला नाही. ‘चित्रपटातला कवी’ हे विशेषण त्यांच्या बाबतीत पुष्कळदा नाक मुरडूनच वापरले गेले.

गीतकाराचे काम निराळे असते. कवी स्वतःच्या वेळेने लिहितो, स्वतःच्या तोंडून बोलतो आणि वाचक त्याच्याकडे परत परत येऊ शकतो. गीतकाराजवळ यातले काहीच नसते. वेळ दुसऱ्याची, तोंड दुसऱ्याचे, आणि ऐकणाऱ्याच्या कानावरून ओळ एकदा गेली की गेली. म्हणून त्याच्यासाठी कसोट्याही निराळ्या लावल्या पाहिजेत. मला तीन सुचतात.

पहिली कसोटी गळ्याची. शब्द गाता आले पाहिजेत. हे वाटते तितके सोपे नाही. वरच्या पट्टीतल्या लांबलेल्या सुरावर ‘आ’ किंवा ‘ए’ आला तर गायकाचा गळा मोकळा होतो. तिथेच एखादे अवघड जोडाक्षर आले तर बिचाऱ्याची कसरत होते. श्वास कुठे घ्यायचा, कोणता शब्द समेवर येणार, ध्रुवपदाकडे परतताना अंतऱ्याची शेवटची ओळ त्याला कशी जोडायची, हे सारे लिहितानाच ठरते. त्यातून आजकाल चाल आधी बांधली जाते आणि शब्द मागाहून येतात. म्हणजे शिंप्याला तयार अंगरखा देऊन, यात बसेल असा माणूस शोधून आण म्हणण्यातलाच प्रकार.

दुसरी कसोटी परकायाप्रवेशाची. गीतकाराला दुसऱ्याच्या तोंडून बोलता आले पाहिजे. गीतरामायण आठवा. १९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवर ते सुरू झाले आणि वर्षभर चालले. छप्पन्न गीते, दर आठवड्याला नवे. आकाशवाणीचे घड्याळ कुणासाठी थांबत नाही! त्या घाईतही शबरी शबरीसारखी बोलते, भरत भरतासारखा आणि नावाडी नावाड्यासारखे. शांताबाई शेळके मराठीच्या प्राध्यापिका, बालपण पुणे जिल्ह्यातल्या मंचरकडचे, समुद्रापासून कोसभर नव्हे, चांगलेच दूर. पण ‘मी डोलकर’ ऐकताना हे एका प्राध्यापिकेने लिहिले आहे अशी शंका तरी येते का? जगदीश खेबुडकर कोल्हापूरकडचे शिक्षक. १९७२ च्या ‘पिंजरा’ची गाणी त्यांची, आणि त्या चित्रपटाचा नायकही शाळामास्तरच! पण गाण्यांतून बोलते ती फडावरची बाई, मास्तर नव्हेत. ही खरी कारागिरी.

तिसरी कसोटी ऐकणाऱ्याची. गाणे ज्या प्रसंगासाठी लिहिले तो प्रसंग विसरला गेला, चित्रपट विसरला गेला, तरी गाणे माणसाच्या उपयोगी पडले पाहिजे. ‘उपयोगी’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. बारशाला, लग्नात मुलीची पाठवणी करताना, आरतीनंतर, शुक्रवारी दुपारी एकट्याने स्वयंपाक करताना माणूस जे गुणगुणतो, ते त्याच्या उपयोगी पडलेले असते. पी. सावळाराम यांना ‘जनकवी’ म्हणत ते उगाच नव्हे. सासरी निघालेल्या लेकीवरचे त्यांचे गाणे आपल्या आया-आज्यांनी कितीदा डोळ्यांना पदर लावून ऐकले आहे!

*

या तीन कसोट्या घेऊन आजच्या मंडळींकडे येऊ. आजचे म्हणजे हयात असलेले आणि लिहिते असलेले. भट २००३ मध्ये गेले, खेबुडकर २०११ मध्ये, पाडगावकर २०१५ मध्ये. ‘जैत रे जैत’मधून ठाकरवाडीचा डोंगर आपल्या दिवाणखान्यात आणणारे ना. धों. महानोर २०२३ च्या ऑगस्टमध्ये गेले. ती पिढी संपली. आता जे आहेत त्यांच्याकडे गतकाळाच्या चष्म्यातून पाहणे बरे नव्हे.

तरुणांच्या चिठ्ठ्यांतले एक नाव संदीप खरे. २००३ पासून सलील कुलकर्णी यांच्याबरोबर ‘आयुष्यावर बोलू काही’ करत त्यांनी एक गोष्ट सिद्ध केली: चित्रपटाच्या आधाराशिवायही मराठी गाण्याला भरल्या सभागृहात श्रोते मिळतात. कवितेचे पुस्तक न उघडणारी पोरे त्यांच्या ओळी पाठ म्हणतात. ‘दमलेल्या बाबाची कहाणी’ ऐकताना आखातातल्या बापांची जी अवस्था होते ती मी पाहिली आहे. गाण्यातल्या बाबाला घरी यायला उशीर होतो, आणि लेक झोपून गेलेली असते. इथल्या कितीतरी बाबांची लेक नाशिकला किंवा साताऱ्याला झोपलेली असते आणि बाबा घरी पोचणार असतो तो थेट पुढच्या जूनमध्ये! तिसऱ्या कसोटीवर खरे यांना पैकीच्या पैकी गुण. पण दुसऱ्या कसोटीवर मी थोडा थांबतो. त्यांच्या गाण्यांत बोलणारा माणूस बहुतेक वेळा एकच असतो: शहरी, संवेदनशील, स्वतःच्या चुका ओळखून स्वतःवरच हसणारा. तो फार लाघवी आहे, आपल्यासारखाच आहे, म्हणून तर आवडतो. पण दुसऱ्या कुणाच्या कातडीत शिरायला तो फारसा निघत नाही. त्याची गरजही त्यांना नाही, कारण ते स्वतःची कविता स्वतः गातात. त्यांना मी उत्तम गाता कवी म्हणेन.

सौमित्र, म्हणजे अभिनेते किशोर कदम. मिलिंद इंगळे यांच्याबरोबरचा त्यांचा ‘गारवा’ १९९८ साली आला आणि पावसाची एक कॅसेट मराठी माणसाच्या घरोघरी जाऊन बसली. बहारीनमध्ये वर्षाला जेमतेम सत्तर-ऐंशी मिलिमीटर पाऊस. तोही चार-सहा दिवसांत उरकतो आणि रस्त्यांवर तळी करून जातो. पण इथे तो पडला की अजून कुणी ना कुणी ‘गारवा’ लावतोच. हे यश लहान नाही. तरी ते एका मनःस्थितीचे यश आहे.

वैभव जोशी यांच्याकडे भटांच्या गझलेची शिस्त आहे, शब्द घासूनपुसून ठेवण्याची सवय आहे. मैफिलीत त्यांना ऐकावे. अडचण असलीच तर ती गझलेची आहे. गझलेचा प्रत्येक शेर आपापल्या दोन ओळींत पुरा होतो. प्रसंगाच्या गाण्याला मात्र पहिल्या अंतऱ्याकडून दुसऱ्याकडे सरकावे लागते. एकाने दाद मिळते, दुसऱ्याने गोष्ट पुढे जाते.

आणखी एक नाव आपण फार लवकर विसरतो: संजय कृष्णाजी पाटील. ‘जोगवा’ची पटकथा त्यांची आणि ‘जीव रंगला’चे शब्दही त्यांचे. देवाच्या नावाखाली ज्यांचे आयुष्य आधीच दुसऱ्यांनी वाहून टाकले आहे अशा दोघांचे ते प्रेमगीत. किती कमी शब्दांत लिहिले आहे पाहा. या चित्रपटाच्या संगीताला तीन राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. संगीत दिग्दर्शनाचा अजय-अतुल यांना, गायकाचा हरिहरन यांना आणि गायिकेचा श्रेया घोषाल यांना. तिघेही सर्वस्वी योग्य. पण ज्या शब्दांवर हे सारे उभे होते, त्या शब्दांचा धनी कोण, हे माझ्या डब्यातल्या एकाही चिठ्ठीला ठाऊक नव्हते.

अजय-अतुल यांची नावे गीतकार म्हणून लिहिणाऱ्यांना मी सुरुवातीला हसलो खरा, पण ते पूर्ण चुकलेले नव्हते. २०१६ च्या ‘सैराट’मधल्या गाण्यांचे बहुतांश शब्द त्या दोघांचेच आहेत. ते शब्द कागदावर वाचायला जाऊ नका. हाती फारसे काही लागणार नाही. ते चालीच्या पोटातून जन्मलेले आहेत. कोवळ्या वयातला करमाळ्याकडचा मुलगा जसा बोलेल तसेच बोलतात. गळ्याच्या कसोटीवर यांच्याइतके पक्के दुसरे कुणी नाही.

पण मला एकच नाव लिहायला सांगितले तर मी गुरू ठाकूर लिहीन.

कारण देतो. २०१० च्या पहिल्या दिवशी ‘नटरंग’ प्रदर्शित झाला. आनंद यादवांची कादंबरी, रवी जाधव यांचे दिग्दर्शन, अजय-अतुल यांचे संगीत. त्या एका चित्रपटात ठाकूर यांना निरनिराळ्या तोंडांनी बोलायचे होते. फडावर उभी राहून प्रेक्षकांना खेळवणारी लावणीची नायिका ‘अप्सरा आली’मध्ये एका तऱ्हेने बोलते आणि ‘वाजले की बारा’मध्ये दुसऱ्या. तिच्या भाषेत नखरा आहे, अलंकार आहेत, प्रेक्षकाच्या डोळ्याला डोळा देण्याचा धीटपणा आहे. आणि मग ‘खेळ मांडला’. तिथे सगळे अलंकार गळून पडतात. कलेपायी घर गेले, गाव गेले, पुरुषपणही लोकांनी काढून घेतले, असा एक मजूर देवासमोर उभा आहे. तो तक्रार करतो की शरण जातो की भांडतो, हे नीट सांगता येऊ नये असे ते शब्द आहेत. रोजच्या वापरातले, शेतमजुराला ठाऊक असलेले. एकही शब्द दाखवण्यासाठी आणलेला नाही. हे गाणे चित्रपट न पाहिलेली माणसेही आपापल्या अडचणीच्या काळात ऐकतात. करोनाच्या महिन्यांत, विमाने बंद असताना, माझ्या शेजारच्या खोलीतून रात्री ते ऐकू येई. नोकरी गेलेला माणूस होता तो, घरी जाता येत नव्हते. त्याला गुणा कागलकर कोण हे ठाऊक असण्याची गरज नव्हती. दुसरी आणि तिसरी कसोटी एकाच गाण्यात इतक्या पुरेपूर उतरलेल्या मी तरी अलीकडे पाहिल्या नाहीत.

आणि हे एकदाच जमून गेले असेही नाही. २०२२ मध्ये ‘चंद्रमुखी’तली लावणी, २०२३ मध्ये ‘महाराष्ट्र शाहीर’मधले मधुमासाचे प्रेमगीत, अशी तेरा-चौदा वर्षे निरनिराळ्या बाजांत त्यांचा हात चालतो आहे. दोष नाहीत असे नव्हे. त्यांच्या लावण्यांचा शब्दसाठा आता ओळखीचा वाटू लागला आहे. एकीतले दागिने दुसरीला घातले तरी चटकन लक्षात येणार नाही. आणि एकूणच आजच्या चित्रपटगीताला ग्रामीण शब्दांचा मुलामा देण्याचा जो सोस लागला आहे, त्यापासून तेही सर्वस्वी मुक्त नाहीत. ‘जीव’, ‘येडं’, ‘काळीज’ एवढे तीन शब्द टाकले की गाणे मातीतले होत नाही. पण त्यांच्या उत्तम गाण्यांनी हे कर्ज पुरते फेडले आहे.

तेव्हा माझे मत गुरू ठाकूर यांना. इथे लेख संपवता आला असता. पण पाकिटात ती चिठ्ठी आहे.

*

वामनदादा कर्डक यांचा जन्म १९२२ चा, नाशिक जिल्ह्यात सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा. शांताबाई शेळके यांच्याच वयाचे. लहानपणी शाळा नाही. अक्षरओळख झाली ती मोठेपणी, मुंबईत पोट भरायला आल्यावर. त्यानंतर २००४ मध्ये जाईपर्यंत त्यांनी गावोगाव फिरून आंबेडकरी चळवळीची गाणी लिहिली आणि गायिली. माझ्या तीन कसोट्या त्यांना लावून पाहा. गळा? उघड्या मैदानात जमावासमोर उभे राहून स्वतःच गायचे, तेव्हा न गाता येणारी ओळ टिकणारच नाही. परकायाप्रवेश? एका माणसाच्या तोंडून सबंध समाजाला बोलता यावे, ही तर त्याहून अवघड गोष्ट. आणि उपयोग? दर चौदा एप्रिलला आणि सहा डिसेंबरला त्यांची गाणी जितक्या कंठांतून निघतात, तितके श्रोते आपल्या भावगीतांच्या किती मैफिलींना मिळतील?

मग हे नाव माझ्या यादीत का नव्हते? याचे उत्तर मला माझ्याच कॅसेटच्या खोक्यात सापडले. माझी यादी कुणी बनवली? आकाशवाणीने, ध्वनिमुद्रिका कंपन्यांनी, पुण्या-मुंबईच्या रंगमंदिरांनी, आणि सुट्टीवरून परत येताना बॅगेत कपड्यांच्या घडीत कॅसेटी भरून आणणाऱ्या आम्हा नोकरदारांनी. जे या वाटेने आले ते ‘भावगीत’ आणि ‘चित्रपटगीत’ झाले, त्यांना लिहिणारा ‘गीतकार’ झाला. जे जलशातून, चाळीच्या पटांगणातून, कामगारांच्या मेळाव्यातून आले ते ‘लोकगीत’, ‘प्रचारगीत’ आणि त्यांचा कर्ता ‘शाहीर’. म्हणजे यादी गुणांची होती असे मी समजत होतो, ती निघाली वाहतुकीच्या मार्गांची.

याहून बोचणारे उदाहरण अण्णाभाऊ साठे यांचे आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांनी ‘माझी मैना’ ही छक्कड लिहिली. गावाकडे राहिलेल्या बायकोच्या आठवणीने मुंबईतला एक कष्टकरी व्याकुळ झाला आहे. तिचे रूप आठवतो, निघतानाचा प्रसंग आठवतो. आणि मग हळूहळू ती मैना म्हणजे महाराष्ट्राबाहेर राहिलेला मराठी मुलूख होऊन जाते. खाजगी विरहातून सार्वजनिक मागणीकडे गाणे असे वळते की वळण कुठे आले ते कळत नाही. मी वर्षानुवर्षे म्हणत आलो की आखातात राहणाऱ्या मराठी माणसाच्या दुःखावर कुणी गाणे लिहिले नाही. व्हिसा नवऱ्याचा, बायको गावाला, वर्षातून एक महिना संसार! पण लिहिलेले होते. तेव्हा वाटेगावचा माणूस मुंबईला जात होता, नंतर मुंबईचा माणूस मनामाला येऊ लागला, एवढाच फरक. आपल्याच मंडळाच्या व्यासपीठावरून ही छक्कड झालेली मला आठवत नाही, आणि कार्यक्रमांच्या याद्या करणाऱ्यांत मी बरीच वर्षे होतो.

हे फक्त आपल्याकडेच घडते असे मात्र नाही. ज्या बेटावर आपण राहतो तिथेही असेच झाले. मुहर्रकच्या जुन्या गल्ल्यांतून हिंडताना मोत्यांच्या व्यापाऱ्यांची घरे आपण पाहुण्यांना हौसेने दाखवतो. २०१२ पासून तो भाग जागतिक वारसा आहे. त्या मोत्यांसाठी उन्हाळ्याचे महिनेच्या महिने समुद्रात राहणाऱ्या पाणबुड्यांची गाणी होती, त्यांना फिजिरी म्हणतात. हातांच्या टाळ्या, मातीच्या घागरीवरचा ठेका आणि ‘नह्हाम’ नावाचा मुख्य गवई. कामाची लय त्याच्या आवाजावर चाले, म्हणून चांगल्या नह्हामला होडीवर मान असे. २०२१ मध्ये युनेस्कोने फिजिरीलाही वारशाच्या यादीत घेतले. मोत्यांचा धंदा १९३० च्या दशकात बसला तो बसलाच, त्यालाही आता नव्वद वर्षे होतील. व्यापाऱ्यांची नावे घरांना आहेत. पण फिजिरीचे शब्द कुणाचे, हे विचारायला गेलात तर बहुतेक वेळा उत्तर एकच मिळेल: जुन्या लोकांचे.

आपल्या जात्यावरच्या ओव्या कुणाच्या? जुन्या बायकांच्या. तिथे नाव हरवले ते हरवले, आता सापडायचे नाही. पण वामनदादांचे नाव हरवलेले नव्हते. ते चिठ्ठीवर स्पष्ट लिहिलेले होते आणि मी ते खिशात घातले.

*

नाव हरवणे ही फार हळूहळू होणारी गोष्ट असते, आणि ती आजही चालू आहे. साहिर लुधियानवी यांनी गायक-संगीतकारांबरोबर गीतकाराचेही नाव रेडिओवर सांगितले जावे म्हणून आग्रह धरला, असे जुनी मंडळी सांगतात. विविध भारतीवर ती प्रथा आपण ऐकत मोठे झालो. भारतात २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि चित्रपटगृहाबाहेर गाणे वाजले तर मानधनातला आपला वाटा गीतकाराला गमावता येऊ नये अशी तरतूद झाली. जावेद अख्तर यांनी त्यासाठी राज्यसभेत किल्ला लढवला. म्हणजे कायद्याने नाव सांभाळले. पण मोबाईलवर गाणे लावा: गायकाचे नाव ठळक, चित्रपटाचे चित्र सुंदर, आणि गीतकार कुठेतरी आत, शोधून काढावा लागतो. खुद्द गुरू ठाकूर यांची जगण्याविषयीची एक कविता व्हॉट्सअॅपवर विंदा करंदीकरांच्या नावाने फिरत असते. ज्याला मी आजचा श्रेष्ठ गीतकार म्हणतो त्याची ही गत, तर इतरांचे काय?

तेव्हा मंडळाच्या कार्यकारिणीला एक साधी सूचना. आपल्या कार्यक्रमाच्या पत्रिकेत गाण्यासमोर पहिले नाव गीतकाराचे छापावे, मग संगीतकार, मग मूळ गायक. निवेदकानेही त्याच क्रमाने सांगावे. खर्च शून्य, लागलाच तर अर्धा मिनिट. मुलांना मराठी यावे म्हणून आपण शनिवारचे वर्ग चालवतो. ज्यांनी ती भाषा त्यांच्या ओठांवर बसवली, त्यांची नावे तरी मुलांच्या कानावर पडू द्या.

माझे मत मी बदललेले नाही. आजचा श्रेष्ठ गीतकार कोण, या प्रश्नाला माझे उत्तर गुरू ठाकूर हेच आहे, आणि कुणाला संदीप खरे वा संजय कृष्णाजी पाटील म्हणायचे असेल तर त्यांच्याशी चहाच्या दोन कपांवर भांडायची माझी तयारी आहे. फक्त पुढच्या वेळी यादी करताना ती कुणाच्या कॅसेटींच्या खोक्यातून निघते आहे, हे मी आधी पाहीन.

आणि ज्यांनी ती चिठ्ठी लिहिली त्यांना: आपण कोण हे मला ठाऊक नाही. कदाचित शेवटच्या रांगेत बसला असाल, कदाचित माझ्या शेजारच्याच खुर्चीवर. आपले उत्तर त्या दिवशी वाचले गेले नाही, ही चूक माझी. येत्या चौदा एप्रिलच्या आसपास मंडळाचा कार्यक्रम ठरेल तेव्हा पहिला अर्धा तास वामनदादा आणि अण्णाभाऊ यांच्या गाण्यांसाठी राखून ठेवावा, असे पत्र मी कार्यकारिणीला दिले आहे. आपल्याला गाता येत असेल तर गायला या. येत नसेल तर निवेदन करा. ते मी खुशाल आपल्याकडे सोपवतो. नाहीतरी माझ्या हातून ते एकदा चुकलेच आहे.